बाबांचा भोंगा आणि एका ओळीची स्क्रिप्ट

"एका ओळीचं काम आहे!" लॅपटॉप उघडत निशिगंधानं जाहीर केलं.

मंडळी, प्रोग्रामर माणूस असं म्हणाला की शहाण्यानं घरातली काचेची भांडी उचलून ठेवावीत. पण हे तिच्या आईला, तानाबाईंना, कोण सांगणार?

प्रश्न रोह्यांचा होता. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं अंग आणि वरातीतल्या पाहुण्याएवढी भूक! घाटंजीजवळच्या त्यांच्या शेतात तूर शेंगांवर आली होती आणि सांज झाली की रोह्यांची पंगत बसायची. निशिगंधाचे बाबा पोळ्यानंतर गेले. त्याआधी त्यांनी "हाट! हाट रे! कोन हाय तिकडं!" असं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर भोंगा लावला होता. सुरुवातीला रोही पळाली. मग त्यांना कळलं, हा माणूस नुसता ओरडतो, उठत काही नाही. आता ती भोंग्याखालीच रवंथ करत.

"मी बसीन रातच्या जागलीले," आई म्हणाली. "मचान रिकामंच हाय."

"गुडघे पाह्यले का आपले? सोमवारी मी पुण्याला गेले की तू एकटी. मचाणावर चढायचं नाही म्हणजे नाही!"

आईला मचाणापासून वाचवणं, एवढ्यासाठीच ही सारी खटपट होती. निशिगंधानं छोटासा कॉम्प्युटर भोंग्याला जोडला आणि आपल्या एका ओळीच्या स्क्रिप्टला, म्हणजे प्रोग्रामला, दोन गोष्टी सांगितल्या. बाबांच्या हाका ठेवलेल्या 'बाबा' फोल्डरमधला कुठलाही एक आवाज उचलून वाजव, म्हणजे रोह्यांना सवय होणार नाही. आणि वीज गेली, प्रोग्राम मेला, तर आपला आपण उठ.

ऑफिसात ती नवीन पोरांना दटावून सांगायची, "कमांड चालवण्याआधी ती कुठकुठल्या फायलींना हात लावणार, त्यांची नावं नुसती छापून बघा!" पण स्वतःच्या एका ओळीला कोण छापून बघतं? शिवाय त्या फोल्डरमध्ये डोकावायचा तिला अजून धीर झाला नव्हता.

सांज झाली. मायलेकी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या. शेजारच्या शेतात रामधन कापूस वेचत होता. भोंगा म्हणाला, "हाट रे!" रोह्यांनी कानसुद्धा हलवला नाही. मग भोंगा खरखरला आणि गरजला,

"रामधन! फवारनीचा पंप नेला तं पत्ताच नाही! तुह्या घरी पंपाले पोरं झाली का बे?"

रोही उधळली! रामधनही उधळला! गाठोडं टाकून, हात जोडून, उलट्या पावली पळत म्हणाला, "आनतो भाऊ! आत्ता आनतो! धुऊन आनतो!"

निशिगंधानं काखेतला लॅपटॉप घाईघाईनं उघडला. बाबा टाइप कधी करत नसत, साऱ्या जगाला बोलूनच निरोप धाडत. त्यांचा फोन बंद पडायच्या आत तिनं त्यातलं सगळं जपून उतरवलं होतं. कुठे? त्याच 'बाबा' फोल्डरमध्ये!

"गोपाल!" भोंगा पुढच्या माणसावर घसरला. गोपाल म्हणजे तिचा मामा. "सरपंचकीले उभा होऊन राह्यला म्हन्ते तू! आधी घरात तं निवडून ये!"

पार शेतांपलीकडच्या तांड्यावरून हशा ऐकू आला.

"बंद कर नं वं!" आई ओरडली.

"प्रोग्राम मारून राह्यली नं! मेला की उठते!"

"कोनं सांगतलं त्याले उठाले?"

"मीच!"

लॅपटॉप टाकून ती मोटारीच्या खोलीकडे धावली. वायरीला हात घातला, तोच वरून आवाज आला, जरा थकलेला.

"अवं निशीच्या माय, डबा आनू नको. दवाखान्यातलं वरन बरं हाय. तुह्यापेक्षा तं बरंच हाय."

निशिगंधाचा हात तिथेच थांबला.

आईनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि भोंग्याकडे पाहून कडाडली, "बरं होतं तं तिकडंच जेवाचं! इथं कायले आले बोंबलाले?"

भोंगा गप्प झाला. आई धुऱ्यावर बसली.

"वायर नको काढू," ती हळूच म्हणाली. "अजून काय काय म्हन्ते, पाहू तं दे."

तूर वाचली. बाबांच्या तोंडाची सवय घरात कुणाला झाली नव्हती, रोह्यांना काय होणार? पंपही आला, धुऊन पुसून. निशिगंधा ताठ मानेनं पुण्याला गेली. पुढच्या आठवड्यात तिनं सांजेला फोन केला, तर मागून भोंग्याचा आवाज.

"आई, शेतात? स्क्रिप्ट चालते नं?"

"चालते तं! म्हनूनच आली. थे बोलून राह्यले, उत्तर कोन देईन?"

"बरं, पण मचाणावर नाही नं चढलीस?"

"मंग? खालून माहा आवाज भोंग्यापर्यंत पोचत नाही वं!"