टाळी कोणी वाजवली?

हडपसरच्या समाधान सोसायटीने शेजारच्या सहजीवन सोसायटीवर केलेली चढाई रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर सुरू झाली आणि दुपारी एकच्या आत आटोपली. एक ते चार दोन्ही सोसायट्यांत शांतता पाळण्याचा नियम आहे आणि युद्धासारख्या कारणासाठी नियम मोडायला समाधानचे सभासद काही अडाणी नाहीत, असं सचिव पद्मजाताईंनी नंतर इतिवृत्तात नमूद केलं.

कारण पाण्याचं होतं. उन्हाळा लागला आणि समाधानच्या नळांना पाणी कमी येऊ लागलं. पाणी कमी आलं की शहाणा माणूस आधी आपल्या टाकीत डोकावतो आणि मग शेजाऱ्याच्या टाकीकडे बघतो. समाधानच्या कार्यकारिणीने वेळ वाचावा म्हणून पहिली पायरी गाळली आणि तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली.

अध्यक्ष सलिल खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. समोर चार माणसं आणि मागे पडदा असला की त्याच्या अंगात संचार होत असे. पार्किंगमध्ये पडदा लावून त्याने एक फोटो दाखवला. सहजीवनच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं होतं.

"आता आवाज ऐका. सी विंगच्या शेफालीने पहाटे बाल्कनीतून रेकॉर्ड केलाय."

भस्स... भस्स... भस्स... सुईं.

"हा सक्शन पंप आहे," सलिल म्हणाला. "आपली अख्खी टाकी पाऊण तासात कोरडी करण्याची याची कपॅसिटी आहे."

सभेने श्वास रोखला. तास म्हटला असता तर अंदाज वाटला असता. पाऊण तास म्हटल्यावर त्यात अभ्यास दिसला.

तिसऱ्या रांगेत दिगंबरपंत बसले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कीर्तनाचं त्यांना वेड. कीर्तन कुठेही असो, स्वारगेटला बस बदलून हा माणूस पहिल्या रांगेत हजर. बुवांनी नमन म्हटलं की त्यांना सर्दी आहे की नाही हे पंत सांगत. असे ते कान. त्या कानांनी 'सुईं' ऐकलं आणि पंत ताठ झाले.

तो महिपतीच्या पायपेटीचा भाता होता.

महिपती सहजीवनमध्ये राहायचा. दोन्ही सोसायट्यांच्या मधल्या भिंतीपलीकडे मारुतीचं देऊळ आहे. तिथल्या रामनवमीच्या कीर्तनाला पायपेटीची साथ त्याची आणि श्रोत्यांना बुक्का लावण्याची सेवा पंतांची, हे दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनचं. पायपेटी लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून शेडमध्ये असे. भात्याचं चामडं आखडू नये म्हणून महिपती रोज पहाटे नुसते पाय मारी. पट्टीला बोट लावत नसे. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून. डाव्या भात्याला बारीकशी चीर होती, त्यामुळे दर थोड्या वेळाने पेटी असा उसासा टाकायची.

पंत अर्धवट उठले. "अहो, हा तर..."

"कोणाला शंका आहे का?" सलिलने विचारलं. "असेल तर आत्ताच सांगा, काका. अमुक सभासदांना पाणी नको आहे, अशी नोंद करून घेऊ."

पंतांनी त्या सकाळी देवांची आंघोळ पळीभर पाण्यात उरकली होती आणि स्वतः ओल्या पंचाने अंग पुसलं होतं. आपलं पाणी कोणीतरी चोरतंय हे ऐकायला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. अडचणीला चेहरा मिळाला होता, आणि तो दुसऱ्याचा होता. ते खाली बसले.

तेवढ्यात कुठेतरी टाळी वाजली.

समाधानमध्ये ठराव टाळ्यांनी मंजूर होतात. निम्म्या सभासदांचे खांदे धरलेले असल्याने हात वर होत नाहीत, म्हणून ही प्रथा. तिचा दुसरा फायदा असा की, हात मोजता येतात, टाळ्या मोजता येत नाहीत. टाळी उठली, पसरली, आणि पंतांच्या तळव्यांना आयुष्यभर एकच गोष्ट ठाऊक होती: टाळी सुरू झाली की ताल धरायचा. त्यांनी धरला. चढाईचा ठराव एकमताने मंजूर झाला.

रविवारी संपतराव पहार घेऊन पुढे निघाले. त्यांच्याच वाडवडिलांच्या शेतांवर दोन्ही सोसायट्या उभ्या असल्याने दोन्हीकडे घुसण्याचा त्यांना हक्क वाटत असे. "व्हा बाजूला. पंप हाय का पंपाचा बाप हाय, आत्ता बघतो!"

मधल्या भिंतीतलं फाटक उखडलं, ताडपत्री फाटली, पहारीचे चार घाव बसले आणि शेडभर काळ्यापांढऱ्या पट्ट्या उडाल्या.

"पंपाला पट्ट्या कशाला?" कोणीतरी विचारलं.

"ॲडव्हान्स्ड मॉडेल असेल," सलिल म्हणाला. पण आवाज जरा बारीक झाला होता.

महिपती खांद्यावर टॉवेल टाकून खाली आला. फाटलेल्या भात्याकडे त्याने पाहिलं, मग घोळक्याकडे, आणि घोळक्याच्या मागे उभ्या असलेल्या पंतांकडे. "एक वाजायला अवकाश आहे," तो म्हणाला. "काय मोडायचं ते मोडून घ्या. नंतर आवाज नको."

दुसऱ्या दिवशी प्लंबरने समाधानच्या गच्चीवर जाऊन पाहिलं. टाकीचा फ्लोट मोडला होता आणि पाणी रात्रभर ओसंडून गच्चीच्या पन्हाळीतून वाहून जात होतं. कार्यकारिणीने तत्परतेने खुलासा फलकावर लावला: 'पंप सापडला नाही, याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.' चार दिवसांनी सुधारित खुलासा आला: चढाई मुळात पंपासाठी नव्हतीच, सहजीवनच्या सभासदांना त्यांच्या अध्यक्षांच्या जाचातून सोडवणं हा तिचा हेतू होता. आपल्याला जाच होता हे सहजीवनच्या सभासदांना त्या फलकावरूनच कळलं.

त्यानंतर समाधानमध्ये फलकावर कोणाचा विश्वास उरला नाही. 'उद्या पाणी येणार नाही' लिहिलं की लोक बादल्या पालथ्या घालून निवांत झोपत, आणि सकाळी पाणी खरंच येत नसे. 'लिफ्ट दुरुस्त झाली आहे' असं वाचून म्हातारी माणसं जिना चढत. 'लिफ्ट बंद आहे' वाचून एक गृहस्थ उत्साहाने आत शिरले आणि दुपारपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे राहिले. "आज शनिवार आहे असं फलकावर लिहिलं," पंतांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या, "तरी लोक घरी येऊन कॅलेंडर बघतील."

सहजीवनने मधलं फाटक नवं बसवून त्याला कुलूप घातलं. देऊळ त्यांच्या बाजूला. रामनवमी तोंडावर आलेली. त्यांची अट एकच होती: हे कोणी केलं ते लेखी सांगा, कुलूप काढतो. नाहीतर यंदा कीर्तन आमच्यापुरतं, तेही साथीशिवाय.

पंत रोज त्या कुलपापर्यंत जाऊन परत येऊ लागले. मग समाधानने जबाबदारी निश्चिती समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद पंतांना दिलं. "देवाधर्माचा माणूस आहे," सलिलने कार्यकारिणीला समजावलं, "कोणाला दुखावणार नाही." पंतांनी ते घेतलं, कारण कुलपाची किल्ली त्याच वाटेवर होती.

साक्षी सुरू झाल्या.

"मी फक्त स्लाइड्स प्रेझेंट केल्या, काका," सलिल म्हणाला. "डेटा शेफालीचा."

"हॅलो! मी ग्रुपवर फक्त विचारलं होतं, 'हा पंपाचा आवाज आहे का?'" शेफाली म्हणाली. "क्वेश्चन मार्क टाकला होता मी. फॉरवर्ड करताना कोणीतरी तो काढला. त्याला धरा."

"मी घडतं ते लिहिते," पद्मजाताईंनी चष्मा पुसला. "घडावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. तसं न वाटल्याची नोंद मात्र नाही."

संपतरावांनी खुर्ची ओढली. "पंत, मला सभेनं धाडलं. मी म्हंजी सभेचा हात. हाताला कोन इचारतंय का, तू का गेलास म्हनून? टाळ्या वाजवनाऱ्यांना इचारा."

हे पंतांना पटलं. त्यांनी दारोदार जाऊन टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारलं. आठवडाभरात निष्पन्न झालं ते असं: सभेत कोणीच टाळी वाजवली नव्हती. ए विंगमधल्या मंडळींनी डास मारले होते. बी विंगच्या पुढ्यात त्याच क्षणी चहा आला होता, आणि त्या टाळ्या चहाला होत्या. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की त्यांनी वाजवली, पण विरोधात. एका बाईंनी तर शपथेवर सांगितलं, "मी वाजवली नाही हो, वाजली."

पद्मजाताईंनी अहवालाचा मसुदा सुवाच्य अक्षरात तयार केला. सर्व साक्षींचा साकल्याने विचार करता घटनेची जबाबदारी पायपेटीवर येते, कारण तिने वाद्य असूनही पंपासारखा आवाज काढून सभेची दिशाभूल केली. शिफारस: यापुढे वाद्यांनी वाद्यांसारखेच वाजावे.

"सही करा," त्या म्हणाल्या. "कोणालाच लागत नाही यात."

पंत मसुदा घेऊन घरी आले. आनंदीबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी तो वाचला आणि शेंगांच्या सालपटांवर ठेवला.

"त्या दिवशी सभेत तुम्ही अर्धे उठला होतात," त्या म्हणाल्या.

"पाय आखडला होता."

"अहो, तुमची गप्प बसण्याची तऱ्हा मला इतक्या वर्षांत कळत नाही होय? पाय आखडला की तुम्ही 'विठ्ठला' म्हणता. त्या दिवशी 'अहो, हा तर' म्हणालात आणि खाली बसलात."

पंत खिडकीशी गेले. भिंतीपलीकडे देवळाचा कळस दिसत होता. पहाटेचा तो उसासा आता ऐकू येत नव्हता, आणि तो ऐकू येत नाही म्हणूनच त्यांना रोज पहाटे जाग येत होती.

"बुक्का लावताना बघितलंत कधी?" मागून आनंदीबाई म्हणाल्या. "शंभर जणांच्या कपाळाला लावता, पण घरी येऊन साबणाने घासावी लागतात ती बोटं तुमचीच."

विशेष सभेत पंत अहवाल वाचायला उभे राहिले, आणि त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

"तो आवाज मला ओळखता आला होता," ते म्हणाले. "महिपतीच्या पेटीचा भाता. मी सांगणार होतो, सांगितलं नाही. माझा नळ कोरडा होता आणि मला चोर हवा होता. पुढे टाळी वाजली. मीही वाजवली. डास नव्हता. जबाबदारी माझी आहे. आता ज्याची त्याची त्याने..."

पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही. "काय मोठं मन आहे, काका!" सलिल उठून उभा राहिला होता. "इतके दिवस आपण शोधत होतो, आणि आपल्यातलाच माणूस पुढे आला. या प्रांजळपणाला दाद द्यायलाच हवी!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पार्किंगमधली कबुतरं उडाली. चढाईला संपूर्ण आणि एकमेव जबाबदार श्री. दिगंबरपंत, हा ठराव त्याच कडकडाटात मंजूर झाला. वेगळ्या टाळ्या वाजवण्याची गरज पडली नाही. सभा संपल्यावर प्रत्येकाने येऊन पंतांचा हात हातात घेतला. संपतरावांचे तर डोळे भरून आले. "तुम्ही व्हता म्हनून सुटलो, पंत."

पंतांच्या कबुलीसकट पत्र सहजीवनला गेलं, कुलूप निघालं. रामनवमीला देवळात सतरंज्या पडल्या. पायपेटीच्या जागी कुठूनतरी आणलेली छोटी हातपेटी होती आणि तिच्यामागे महिपती. पंत बुक्क्याची वाटी घेऊन रांगेरांगेने लावत आले. सलिल, शेफाली, पद्मजाताई, संपतराव, सगळ्यांनी प्रसन्न मनाने कपाळं पुढे केली. शेवटी पंत हातपेटीपुढे येऊन थांबले.

महिपतीने सूर धरून ठेवला. "पत्र वाचलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "इतके दिवस मी मनाला समजावत होतो, दिगंबराचे कान गेले असतील. वय झालं. सोडून देऊ."

पंतांनी वाटीतला बुक्का बोटाने सारखा केला.

"कान शाबूत आहेत म्हणता."

"आहेत."

"हं." त्याने भाता एकदा दाबला, सोडला. ही पेटी नवी होती. उसासा टाकत नव्हती. "लावा बुक्का. आणि डोळ्यात जाऊ देऊ नका. आज मला तुमच्याकडे नीट बघायचंय."

बुवा उभे राहिले, झांजा वाजल्या, पूर्वरंग सुरू झाला. मागच्या रांगेत सलिल पद्मजाताईंच्या कानाशी लागला होता. पलीकडच्या तिसऱ्या सोसायटीच्या गच्चीवर म्हणे रोज पहाटे काहीतरी खणल्याचा आवाज येतो. शेफालीने रेकॉर्ड केला आहे. आता जबाबदारी कोणावर टाकायची याची पद्धत बसलेली असल्याने पुढची सभा लवकर आटोपेल, असं पद्मजाताईंचं मत पडलं.

आणि श्रोतेहो, सभेत पंत उठून खरं बोलले, तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलं असेल. अखेर एक जबाबदार माणूस सापडला, आता आपण मोकळे, असं मनात येऊन तुमचेही तळवे एकमेकांजवळ गेले असतील. जरा बोटं उजेडात धरून बघा बरं.

काही नाही म्हणता? टाळी वाजवलीच नाहीत?

मग डास असेल.