चौदा नंबर आणि एक आत्या

डोळ्यांच्या डॉक्टरांची नवी वेबसाइट सोमवारी सकाळी सुरू झाली आणि दुपारपर्यंत मंगळवारचे चौदाच्या चौदा नंबर भरले. ती बनवणारा मुलगा आत्याकडे राहायचा, म्हणून आपण त्याला भाचाच म्हणू. त्या दिवशी तो ऑफिसात नुसता तरंगत होता. कारणही तसंच होतं. त्याच्या आधीच्या दोन साइट गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या होत्या, आणि "ही तिसरी परत आली तर तूही घरी जा," असं साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

"आत्या, सगळे नंबर भरले," त्याने घरी आल्या आल्या सांगितलं.

"माझा लागला का बघ. सकाळपासून लावतेय."

"लागला असेल गं."

साइट देखणी होती, खोटं कशाला बोला. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर फिकट राखाडी, केसासारखी बारीक अक्षरं. 'नंबर लावा' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाव भरून कोपऱ्यातल्या इवल्याशा डोळ्यावर बोट ठेवलं की तो डोळा हळूच मिटायचा आणि नंबर लागायचा. लागला, हे मात्र कोणी सांगायचं नाही. "सांगावं लागलं तर ते डिझाइन कसलं," असं भाच्याचं मत होतं. डोळे दाखवायला येणाऱ्याला कमी दिसतं, एवढी एक किरकोळ गोष्ट त्याच्या ध्यानातून निसटली होती.

मंगळवारी डॉक्टरांनी शेजारून सहा जादा खुर्च्या मागवल्या. भाचा आत्याला घेऊन पोचला, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"एक नंबर," काउंटरवरच्या बाईंनी पुकारलं. आत्या उठली.

"दोन नंबर."

"मीच."

"तुम्ही एक नंबर ना?"

"तोही मीच."

चौथ्या नंबराला बाईंचा आवाज चढला, सातव्याला डॉक्टर बाहेर आले, आणि चौदावा होईपर्यंत भाच्याचा चेहरा साइटवरच्या अक्षरांइतका फिकट झाला.

"चौदा वेळा नंबर लावलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय करू? तो डोळा मिटायचा आणि पुढे काही होईना. म्हटलं, मलाच दिसत नसेल. परत दाबलं."

डॉक्टरांनी भाच्याकडे वळून खिशातून फोन काढला. "तुमच्या साहेबांना कळवतो. असली साइट नको आम्हाला."

भाच्याने घाईघाईने पिशवीतून लॅपटॉप काढला. आत्या मात्र पदर सावरून पुढे झाली. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत तिची बत्तीस वर्षं गेली होती, चिडलेली माणसं तिला नवी नव्हती.

"फोन मागाहून करा डॉक्टर. आधी याच्या डोळ्यांत ते तपासणीचे थेंब घाला. तुमचा दिवस नाहीतरी मोकळाच आहे."

डॉक्टरांना रागातही हसू आलं. अर्ध्या तासाने भाच्याला जवळचं धड काही दिसेना.

"आता लाव नंबर," आत्याने लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

त्याने तो जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला. "आत्या, अक्षरं कुठे गेली?"

"तिथेच आहेत. देखणी आहेत."

भाचा लॅपटॉप मांडीवर ओढून तिथेच कामाला बसला. त्या अवस्थेत स्वतःला जे वाचता येईल तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं उडवायचं, असं त्याने ठरवलं. अक्षरं काळी ठसठशीत झाली. डोळा गेला आणि हाताएवढं रुंद बटण आलं: 'नंबर लावा'.

"आणि झालं का, ते कोण सांगणार?" आत्या म्हणाली. "खिडकीशी आलेला माणूस दोनच गोष्टी विचारतो. मी काय करू, आणि आता झालं का. सांगितलं की बिचारा जातो. नाही सांगितलं की चौदा वेळा येतो."

भाच्याने तेही लिहिलं: 'तुमचा नंबर लागला. मंगळवार, सकाळी दहा.'

डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढून नंबर लावून पाहिला. एका फटक्यात लागला. मग त्यांनी साहेबांना फोन केलाच, पण मुलगा कामाचा आहे हे सांगायला. भाच्याला इतका आनंद झाला की तो काउंटरवरच्या बाईंना आत्या समजून वाकून नमस्कार करून आला. या गडबडीत आत्याचे डोळे तपासायचे राहूनच गेले.

पुढच्या सोमवारी आत्याने साइट उघडली आणि चष्म्याशिवाय मोठ्याने वाचलं, "उद्याचे सगळे नंबर भरले आहेत."

भाचा ओशाळला. "डॉक्टरांना सांगतो, मधे घेतील तुला."

"खबरदार," आत्या म्हणाली. "चौदा माणसांनी आपले आपण नंबर लावलेत."

आणि भाच्याच्या साइटवर आपल्याला नंबर मिळाला नाही, हे तिने संध्याकाळपर्यंत एकूण एक मैत्रिणीला फोन करून अभिमानाने सांगितलं.