दामूतात्यांची गुलाबी नळी

निरवांगीतले आमचे शेजारी दामूतात्या पाहुण्यांकडे गेले, की पुढे आलेला तांब्या तोंडाला लावत नाहीत. खिशातून काचेची नळी काढतात, तीत पाणी घेतात, चिमूटभर पावडर टाकतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. पाणी गुलाबी झालं की मांडीवर थाप! "नायट्रेट! उसाला युरिया वतताय पोत्यानं, त्यो उतरलाय हिरीत!" यजमानाचा चेहरा पडतो, तात्यांचा उजळतो.

कुठल्याशा शिबिरात हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. आपापलं पाणी आपणच तपासायचं आणि निकाल मोबाइलमधल्या नकाशावर टाकायचा. तो साऱ्या जगाला खुला. तात्या चेकाळलेच. "आमी उकळून पितो," असं कुणी म्हटलं, की उसळून म्हणणार, "उकळून नायट्रेट जातं व्हय? उलट दाट हुतं!"

एकुलती लेक सुमन नरसिंहपूरला दिलेली. नातवाच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि तात्या व्याह्यांच्या विहिरीचं पाणी नळीत हलवत होते. मध्येच ओरडले, "गडद गुलाबी! तान्ह्या लेकराला ह्ये देऊ नगा, अंग निळं पडतं!" एवढ्यावर थांबले तर ते तात्या कसले! पंगत उठायच्या आत व्याह्यांची विहीर त्यांच्या नावानिशी नकाशावर लाल ठिपका होऊन बसली. व्याह्यांनी हात जोडले, "या आता." सुमन बाळाला उचलून आत गेली. तिचा फोन यायचा थांबला तो थांबलाच.

तात्या वरून तसेच. पण नळी धुताधुता एकदम विचारायचे, "बाळ्या, दात आलं असतील का रं त्याला?" मला गलबलून यायचं.

परवा धोतर सावरत पळतच आले. "बाळ्या, नकाशा बघ! नरसिंहपूर!"

त्याच विहिरीचा नवा निकाल होता. लालच. तपासणाऱ्याचं नाव, सुमन! मला तर उडीच मारावीशी वाटली. "तात्या, तुमचं खरं निघालं की!"

"खरं गेलं खड्ड्यात. फोन लाव तिला. लेकराला पाणी कुठलं देतीया, इचार."

मी स्पीकर लावला. विचारायचं मी, पण तात्यांनाच दम निघेना. "सुमे, लेकराला त्या हिरीचं पाणी..."

"न्हाय तात्या," ती म्हणाली. "बारशापासनं त्या हिरीचा थेंब दिला न्हाय त्याला. घरात भांडून जारचं आणतीया. आज मामंजींच्या म्होरं तपासून दावलं."

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तात्या? हायसा न्हवं तितं?"

"हायत गं," मी म्हणालो. "रडत्यात."