डब्यातले पैसे बटव्यात

टळटळीत दुपारी इन्व्हर्टरनं शेवटचं ‘टीं’ केलं आणि तोही गप्प झाला. भूमिकानं श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. पिंटू हलला नाही. त्याच्या दुधाची पावडर मात्र सकाळीच संपली होती!

“टेन्शन काहून घेऊन राहिली तू?” केयूर सोफ्यावरून म्हणाला. “आपली तयारी पक्की आहे!”

तयारी होतीच! देशाची सीमा हजार किलोमीटर लांब, पण टीव्हीवर युद्ध पेटल्यापासून केयूर या सोफ्यावरूनच आघाडी सांभाळत होता. भूमिकानं तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटाही त्यानं हुडकल्या, बँकेत भरल्या आणि सगळ्याचा डिजिटल रुपया करून मोबाइलच्या बटव्यात घेतला. “बॉम्ब पडला तर नोटा जळतात, भूमी. आकडे जळत नाहीत!”

बॉम्ब पडलाच नाही. मे महिन्याच्या उन्हानंच ट्रान्सफॉर्मर उडवला, आणि त्याच्यामागे मोबाइलचा टॉवरही झोपला.

“आता हो?” भूमिकानं विचारलं.

“हे नेटशिवाय चालते! फोनले फोन टेकवला का पैसे तिकडे!”

खालीच भैय्याजींचं दुकान. केयूर खाली उतरला, भूमिका बाल्कनीतून वाकली. भैय्याजींनी पावडरीचा डबा काढला, केयूरनं फोन.

“तुमचाही काढा, भैय्याजी.”

त्यांनी काढला. बटणांचा, रबरबँड गुंडाळलेला.

“हा नाही, मोठा!”

“मोठा पोट्ट्यानं नेला गा रामटेकले. नोट दे ना.”

“पैसे याच्यात आहेत!”

“मंग काढून दे!”

“उद्या देतो, चालते?”

“युद्ध संपेपर्यंत उधारी बंद आहे, भाऊ.”

इतक्यात पिंटू उठला. आणि काय उठला! कालच कॉलनीत सायरनची तालीम झाली होती. पिंटूनं तो सूर नेमका उचलला असावा. खालून वर, वरून खाली, मध्ये दम नाही!

“विमानं आली वं माय!” समोरच्या शोभाताईंनी खिडक्या धाडधाड लावल्या. भैय्याजींनी शटर ओढायला घेतलं.

“अहो, आमचं पोरगं आहे ते!” भूमिका ओरडली. पण पिंटूपुढे तिचं कोण ऐकतं?

केयूरनं उरलेल्या फटीतून फोनच आत सरकवला. “हा ठेवा, डबा द्या!”

डबा बाहेर. शटर खाली.

बाटली संपवून पिंटू जिंकून आलेल्या सेनापतीसारखा पसरला. तिनं त्याच्या ओठावरचा दुधाचा थेंब पदरानं टिपला. तासाभरात पंखा फिरला, नेट आलं, टीव्हीवरचे लोक होते तिथूनच पुन्हा ओरडू लागले.

“पाहा! आता पैसे देऊन फोन आणतो,” केयूर ऐटीत उठला.

“पैसे कशात आहेत?” भूमिकानं विचारलं.

केयूर धाडधाड जिना उतरला. परतला तेव्हा चेहरा त्या ट्रान्सफॉर्मरसारखा. नागपुरावर विमानं आली म्हणून भैय्याजी सहकुटुंब गावाकडे, कुहीला निघून गेले होते.

“अन् फोन?”

“सोबत नेला. शोभाताईले सांगून गेले, ‘लोकाची अमानत आहे, इथं बॉम्बाखाली ठेवत नाही.’”

भूमिका हसता हसता खालीच बसली. कोपऱ्यात चार वर्षांची गोपू चिंचोक्यांचं दुकान मांडून बसली होती. तिनं बाबांच्या हातावर दोन चिंचोके ठेवले आणि टीव्हीकडे पाहत विचारलं, “आई, तिथं तर खरीच विमानं येतात ना? मग तिथलं बाळ रडलं तर त्याचं दूध कोण आणून देते?”