शंभर टक्के समज

म्हातारपणी नजर अधू होते, आणि ती नेमकी किती अधू झाली हे ठरवायचं काम तिशीच्या आतल्या माणसांनी करायचं असतं. म्हणूनच ज्येष्ठांसाठी आरोग्याचं ॲप सोपं करायला जी समिती नेमली, तिच्यात एकही म्हातारा नव्हता, याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. म्हातारे मध्येच शंका काढतात.

काशीत ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या बिंदुमाधव गुरुजींना समितीचा पत्ताच नव्हता. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म वेद शिकवण्यात गेलेला. त्यांना ठाऊक होतं ते इतकंच : रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलली आहे, सूचना फोनवर येणार आहे, आणि चक्कर आली तर सून मधुरा पहाटेचं गंगास्नान बंद करणार आहे. साठ वर्षं न चुकलेलं स्नान! गुरुजींचा सगळा जीव त्यात अडकला होता.

डॉक्टरांची मूळ सूचना अशी होती : 'जुनी गोळी बंद. नवी रोज सकाळी एक.' समितीला ती फार रुक्ष वाटली. 'बंद' म्हटलं की ज्येष्ठांना घबराट होते, असं पाहणीत आढळलं होतं (पाहणी समितीने आपसांतच केली होती). सात बैठका झाल्या आणि सूचना सोपी झाली : 'नमस्कार दोस्त! जुन्या थेरपीला पॉज मोडवर टाका आणि नव्या डोससोबत आपल्या वेलनेस जर्नीचा स्मार्ट श्रीगणेशा करा!' मग अक्षरं मोठी केली. इतकी, की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावेना. तेव्हा पडदे सोळा झाले. डोळ्यांना त्रास नको म्हणून पांढऱ्यावर फिकट पिवळा रंग दिला, आणि प्रत्येक पडद्यावर बत्तीस दात दाखवत हसणारे एक आजोबा बसवले.

चाचणी घ्यायला ऋतुराज नावाचा समितीचा तरुण सभासद ब्रह्मा घाटावर आला. चार ज्येष्ठ बसवले होते. पहिल्या पाच पडद्यांत दोघांना झोप लागली, तिसरे पान खायला गेले ते गेलेच. उरले गुरुजी. सूचना समजली का, हे तपासायची शास्त्रीय पद्धत म्हणजे ती परत म्हणून घेणे. गुरुजींनी डोळे मिटले आणि सोळाच्या सोळा शब्द स्वच्छ म्हटले. मग वेदपाठाच्या सवयीने दोन-दोन शब्द जोडून : 'नमस्कार दोस्त, दोस्त जुन्या, जुन्या थेरपीला, थेरपीला पॉज…' कुठे अडखळणं नाही की काना-मात्रेची चूक नाही. ऋतुराज गहिवरला. अहवालात नोंद झाली : समज शंभर टक्के (नमुना : एक, झोपलेले व पान खायला गेलेले वगळून).

पाचव्या दिवशी स्नानाला उतरताना गुरुजी तिसऱ्याच पायरीवर मटकन खाली बसले. एका नावाड्याने धरून घरी आणलं. मधुराने डबा उघडला, तर जुन्या गोळीचं पाकीट निम्मं रिकामं आणि नव्याचीही तीच गत.

"मामंजी, तुम्ही दोन्ही घेताय? फोनवर काय सांगितलं होतं?"

गुरुजींनी सगळं म्हणून दाखवलं.

"अहो, पण म्हणजे काय?"

"ते अजून सांगितलं नाही त्यांनी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आधी पाठ, अर्थ मागाहून. आमच्याकडे तशीच रीत. पुढच्या खेपेला येऊन सांगतील. तोवर आपल्या मनाने काही गाळायचं नसतं."

मधुराला रडावं की हसावं कळेना. तिने दवाखान्याचा कागद शोधला, जुनं पाकीट उचलून फेकलं, आणि पंधरा दिवस स्नान बंद केलं. वर समितीला कळवलं की 'जुनं पाकीट घरातून काढून टाका' एवढं एक वाक्य घरच्यांना सांगितलं असतं तरी पुरे होतं. सूचना स्तुत्य आहे, पण तिच्यात पडदाच लागत नसल्याने विचारात घेता येत नाही, असं उत्तर आलं.

गुरुजी आता पहाटे खिडकीशी बसतात. खालून लोकांच्या बुड्या ऐकू येतात आणि त्यांना फार वाईट वाटतं. शंभरपैकी शंभर मिळवूनही शिक्षा कशाची, हे त्यांना कळत नाही.

तर वाचकहो, गुरुजींना हसून झालं असेल तर एक करा. तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस रोज सकाळी कोणती गोळी घेतं आणि ती कशासाठी, तेवढं सांगा बघू. त्यांना फोन कसा वापरायचा ते तुम्हीच शिकवलंत ना?