तायडे सरांचा समुद्र

आमच्या नांदुऱ्याच्या शाळेत चहात तीळ निघाले, की समजायचं, तायडे सरांनी आज पुन्हा समुद्र उकळला आहे.

सर भूगोल शिकवायचे. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. भुसावळच्या पलीकडे गेल्याचंही मला माहीत नाही. पण कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की खोल समुद्राच्या तळाला भेगा आहेत, त्यांतून कढत पाणी उसळतं, आणि जिथे ऊन कधी पोचत नाही तिथे त्या झऱ्यांच्या आधारानं जीव वस्ती करून राहतात. झालं! शिक्षकांच्या खोलीत शेगडी एक, पातेलं एक. आधी त्यात सरांचा समुद्र, मग आमचा चहा.

पाणी तापलं की चिमूटभर तीळ सोडायचे आणि ओणवे होऊन बघत बसायचे.

"हे काय लावलं सर?" एकदा मी वैतागून विचारलं. चहा धड मिळाला नाही की माझं डोकं फिरतं.

"पिल्लं हायेत," ते शांतपणे म्हणाले. "तळच्या जीवायची. मायबाप खडकाले चिकटेल, जागचे हलत नाहीत. पिल्लं मात्र पाण्याच्या हवाली. प्रवाह नेईन तिकडं जातीन."

मग पळीनं पाणी ढवळून भोवरा करायचे. समुद्रात मैलोन्‌मैल रुंदीचे भोवरे फिरतात, ते थेट तळापर्यंत पोचत असणार, ही सरांची पक्की समजूत. भोवरा पिल्लांना उचलून दूर नेतो. बरीचशी वाटेतच मरतात, एखाद्याला दुसरा झरा सापडतो.

"मग घरीच राहावं की गुमान," मी म्हणालो.

"झरा कायमचा नसते ना भाऊ. एक दिवस थंडा होते. घरी राह्यलं थे कोणीच वाचत नाही."

आम्ही हसायचो, तीळ बाजूला काढायचो आणि तासाला जायचो.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि लेक शोभा, दोघंच. शोभाला दोन स्थळं आली. एक धामणगाव बढ्याचं. खाऊनपिऊन सुखी, सकाळी एसटीत बसलं तर जेवायला माहेरी. दुसरा मुलगा मलकापूरचा, पण नोकरीला पार विशाखापट्टणमच्या बंदरात. तिला मनातून हाच पसंत होता. तिकडे गेल्यावर तिला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायलाही तो तयार होता. पण कुणी विचारलं, की म्हणायची, "मले धामणगावच बरं. बाबाले पाहाले कोण हाये?"

आम्हीही सरांना तेच सांगितलं. पोरगी जवळ द्या. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. एवढ्या लांब जाऊन तहानलेलंच परत यायचं का? सर ऐकून घ्यायचे. त्या दिवसांत त्यांनी शेगडीला हात लावला नाही. चहा चांगला मिळत होता, पण मला काही तो गोड लागेना.

एक दिवस मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "मलकापूरवाल्यायले हो म्हणून आलो."

"अन् तुमचं कसं सर?"

"माह्यं काय! झरा थंडा होऊन राह्यला. तिले काऊन अडकवून ठेवू?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

लग्न झालं. मुलीला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. शोभा पदराआड रडत होती. सरांनी तिला नागपूरला गाडी बदलताना सामान सांभाळायला सांगितलं, जावयाचा हात थोडा जास्त वेळ धरला, आणि बाजूला झाले. गाडी अकोल्याच्या बाजूला निघून गेली. माणसं पांगली. सर मात्र हलेनात.

"चला सर," मी म्हणालो.

ते रुळांकडेच बघत होते.

"त्या खडकाले चिकटेल जीवायले डोळे नसतात," ते म्हणाले. "देवानं मोठी दया केली त्यायच्यावर."