सोमाजींच्या मिशा

फुलचूरचे सोमाजी मिशांसकट जन्माला आले असावेत, असे हिशेबाने निघत होते. कोणतीही जुनी गोष्ट निघाली की ते म्हणत, "मले तवा मिशा होत्या." संवत छप्पनचा दुष्काळ, राणी वारली ते वर्ष, मानमोडीची साथ, सगळीकडे मिशा हजर. गोंदियात पहिली रेलगाडी आली तेव्हाही त्या होत्याच. दुष्काळात काय खाल्ले, साथीत घरातले कोण कोण गेले, हे मात्र ते सांगत नसत.

खानेसुमारीच्या कारकुनाला त्यांनी एकदा वय साठ सांगितले आणि दहा वर्षांनी नव्वद. कारकुनाने मान वर केली. "बाबाजी, पिछली बार?"

"पिछली बार तुमी घाईत होते."

गावात सर्वांत वडील आपणच, एवढाच त्यांचा दावा होता. अडचण समोरच्या घरात राहत होती.

"अबे सोम्या," सरसाबाई ओट्यावरून ओरडे, "मिशा कायच्या? लंगोटी तरी होती का?"

"सरसे, तू माह्याहून लहान. मधात बोलू नोको."

मी शेजारी. हे भांडण वीस वर्षे ऐकले.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात पंचांनी ठरवले, झेंडा सर्वांत वडील माणसाने फडकवायचा. सोमाजी मिशांना तेल लावून शाळेत आले. सरसाबाईचे पाय सुजले होते. नातवांनी तिला बाजेवर आणले. आम्ही भांडणाच्या तयारीने उभे राहिलो.

"सोम्याच मोठा," ती म्हणाली. "मले आता काई आठवत नाही."

सोमाजींनी दोरी हातात घेतली. मग सोडली.

"आठवत नाही म्हंजे? रेलगाडी पाहाले मले कडेवर कोणं नेलं? शिट्टीनं भेलो तवा चूप कोणं केलं?"

"मी?"

"मंग कोण?"

त्यांना लहानपणी पाहिलेले दुसरे कोणी आता उरले नव्हते. त्यांनी दोरी तिच्या हातात दिली. "घे, बाई."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्यांच्या तोंडून तिच्यासाठी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

झेंडा वर गेला. गर्दीतून कोणी तरी विचारले, "सोमाजी, अन् मिशा?"

"मिशा कायच्या? शेंबूड होता," ते म्हणाले. "हिनंच पुसला."